मामांची पट्टी

"आत्ती, ही पट्टी कुणाची?"

मी विचारलं तेव्हा आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, न्हाणीत चुलवणाला जाळ घालत होत्या. वळून न बघताच म्हणाल्या, "हसीनानं नाव घातलंय की मागं. वाच."

मागे नाव होतंच. हसीनाताई आमच्या गल्लीच्या आशाताई, सरकारी आरोग्यसेविका. नाकाच्या तपासणीचं पुडकं देतानाच त्या प्रत्येक पट्टीवर ज्याचं त्याचं नाव घालून देत. या पट्टीवर 'मल्लाप्पा' होतं. मल्लाप्पा म्हणजे माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणते. पट्टीला तीन खिडक्या असत. पहिली कोरोनाची, दुसरी फ्लूची आणि तिसरी आरएसव्ही नावाच्या एका विषाणूची. तो मोठ्या माणसाला नुसती सर्दी देतो आणि तान्ह्या पोराच्या छातीत घर करतो. प्रत्येक खिडकीत एकच रेघ आली तर पट्टी कोरी, म्हणजे काही नाही; दोन आल्या तर आजार आहे. मामांच्या तिसऱ्या खिडकीत दोन रेघा होत्या. दुसरी फिकट होती, पण होती. मी ती उजेडात नेऊन बघितली, सावलीत बघितली, डोळे पुसून बघितली. रेघ काही जायला तयार नव्हती.

माझं बाळ तेव्हा आतल्या खाटेवर दुपट्यात गुंडाळून झोपलं होतं. ते सातव्या महिन्यातच आलेलं. कोल्हापूरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत राहून, नाकात नळ्या घालून, कसंबसं दोन किलोचं होऊन घरी आलं होतं. सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "याची फुप्फुसं अजून कच्ची आहेत. तुमची साधी सर्दी याला झेपायची नाही. एवढी थंडी निभावून न्या, मग घोर नाही." आता हा मुलगा दुसरीत आहे आणि गल्लीतल्या कुठल्याही पोराला आडवा पाडतो, पण त्या दिवसांत त्याचा श्वास चालू आहे ना हे बघायला मी त्याच्या नाकाशी बोट धरून बसत असे.

माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली, त्यामुळे बाळंतपण सासरीच, गडहिंग्लजला झालं. नवरा कागलच्या कारखान्यात, सुट्टीपुरता घरी येणारा. जे काही होतं ते आत्तींच्या हातात होतं. पाटावर बसून, पाय लांब करून त्या बाळाला नडग्यांवर घेत आणि तेल लावायला लागत. माझ्या हातात गळा काढणारं पोर तिथे गप्प होई. मला त्याची मान धरायचीसुद्धा भीती वाटे.

त्या वर्षी तालुक्याच्या दवाखान्याने गावातली काही घरं निवडली होती. दर रविवारी घरातल्या मोठ्या माणसांनी आपापल्या नाकात काडी फिरवायची, ती बाटलीतल्या पाण्यात घोळवायची, पट्टीवर थेंब टाकायचे आणि थोड्या वेळाने पट्टीचा फोटो मोबाइलवरून पाठवायचा. कुठल्या गल्लीत कुठला आजार शिरतोय ते दवाखाना भरायच्या आधी कळावं, एवढाच हेतू. हसीनाताई दारोदार विचारत आल्या तेव्हा बाकीच्या बायका मागे सरल्या. मी पहिली पुढे झाले. गावाचं भलं वगैरे नंतर, मला माझ्या घरात काय शिरतंय ते कळायला हवं होतं.

मामांनी मात्र पहिल्याच दिवशी काडी परत केली होती. घराला लागून त्यांची पिठाची गिरणी. भुवया, कानावरचे केस, सगळं कायम पांढरं.

"जन्मभर नाकात पीठ घेतलंय मी," ते हसीनाताईंना म्हणाले. "आता काडी कशाला? नाक हाय का लोणच्याची बरणी, ढवळायला?"

मामांनी एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव खाली आला तरी उपयोग नसे. हसीनाताई माझ्याकडे बघायला लागल्या. तेव्हा आत्ती मध्ये पडल्या. "ऱ्हाऊ दे. त्यांचं मी बघते," म्हणाल्या. आणि पुढच्या रविवारपासून आंघोळीआधी आत्ती न्हाणीशी जाऊन आपलं उरकत आणि दोन पट्ट्या घेऊन येत, त्यांची आणि मामांची. "केलं बाई कुरकुरत," असं म्हणून माझ्यापुढे ठेवत. या बाईने वाघाची शेळी केली, असं मला दर वेळी वाटे.

त्या रविवारी आत्तींची पट्टी कोरी होती, माझीही कोरी होती. दोन रेघा फक्त मामांच्या. मी तोंडाला ओढणी गुंडाळली आणि गिरणीच्या दारात गेले.

दिवाळी तोंडावर आली होती. भाजणीचे डबे दारापासून रस्त्यापर्यंत रांगेत लावलेले. वर्षभरातला गिरणीचा हाच खरा हंगाम. मामांनी मला बघून मोटार बंद केली.

"काय गं? लेकरू बरं हाय न्हवं?"

"बाळ बरं आहे. मामा, तुमच्या पट्टीवर दोन रेघा आल्यात. तो लहान पोरांच्या छातीत बसणारा आजार."

"माझ्या पट्टीवर?"

"हो."

त्यांनी पट्टी हातात घेतली. बराच वेळ बघितली. मग त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. मीही वळले. आत्ती न्हाणीच्या दारात उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरलेला. मामांनी पुन्हा पट्टीकडे बघितलं. मला वाटलं, आता आकांडतांडव होणार. भाजणीचा हंगाम, दारात गिऱ्हाईक, आणि सून सांगतेय गिरणी बंद करा. मी मनात उत्तरं जुळवून ठेवली होती.

"बरं," मामा म्हणाले.

एवढंच. मग रांगेतल्या बायकांकडे वळून त्यांनी सांगितलं, "उचला डबं. गिरणी बंद."

"आण्णा, दिवाळी दहा दिवसांवर आलीया," एकीने कुरकुर केली.

"दुसऱ्या गिरणीला न्या. मला आजार झालाय."

माझा जीव भांड्यात पडला. मामांविषयी इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. ते काही फार टिकलं नाही.

"मी हितं गिरणीच्या खोलीतच ऱ्हातो," ते म्हणाले. "आणि हिला संगं घेतो."

"आत्तींना? त्या कशाला?"

"मग माझं कोण बघणार? च्या कोण करून देणार? अंगात ताप भरला तर?"

"मामा, आत्तींची पट्टी कोरी आहे. तुमच्यासोबत एका खोलीत राहिल्या तर त्यांनाही होईल. आणि बाळाचं कोण करणार? त्याची आंघोळ, मालीश..."

"तू आई हाईस की त्याची."

"मला अजून येत नाही ते."

"येत न्हाई तर शिक. कुणी पोटातनं शिकून येत न्हाई."

मी आत्तींकडे बघितलं. त्या तरी बोलतील अशी आशा होती. आत्तींनी मान खाली घातली, आत जाऊन वळकटी घेतली, आणि बाळाच्या खाटेकडे एकदा लांबूनच बघून मागच्या दाराने निघाल्या. दोन किलोच्या पोराला सोडून ही बाई नवऱ्याच्या सर्दीमागे चालली होती. मला इतका राग आला की त्या दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "पुरुषाला शिंक आली तरी बायको उशाशी बसते. पोराचं कुणाला पडलंय."

खोलीचं दार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाळाला नडग्यांवर घेतलं. गिरणीच्या खोलीची खिडकी अंगणात उघडते. आत्ती गजाला धरून तिथून ओरडायला लागल्या.

"मान धर, मान! डोस्क्याखाली हात घाल. आगं तांब्या उंचावनं नको सोडू!"

"वरडू नगंस," आतून मामांचा आवाज आला. "खोकला येईल."

आणि खोकला आलाच. खिडकीचं एक दार आतून कुणीतरी ओढून घेतलं. पोर रडून रडून निळंजांभळं झालं, मी रडले, पाणी सगळं माझ्या साडीवर. पण आंघोळ झाली. पुसून, दुपट्यात बांधून मी त्याला छातीशी धरलं आणि खिडकीकडे पाठ करून आत गेले.

मी दोन वेळचं जेवण ताटात वाढून उंबऱ्यावर ठेवत असे. ताट न्यायला कायम मामाच येत. ताटं घासून परत ठेवतानाही तेच. एकदा बघितलं तर ते स्टोव्हवर कसली तरी पेज ढवळत होते आणि आत्ती पोत्यांच्या थप्पीला टेकून पडल्या होत्या. आजारी माणूस चुलीशी आणि त्याचं करायला गेलेली बाई आडवी, हे मला तेव्हाही विचित्र वाटलं. पण राग चढला की माणसाला दिसतं ते समजत नाही. मला वाटलं, चला, आत्तींना तरी विश्रांती मिळतेय, आणि इथे मी एकटी मरतेय.

हसीनाताई रोज संध्याकाळी डोकावून जात. एक दिवस त्यांनी सांगितलं, "तुमच्या फोटोनंतर दवाखान्यानं पुडकी वाटून गल्लीतली सगळी घरं तपासून घेतली. अजून पाच घरांत तीच रेघ निघाली. त्यांतल्या दोन घरांत तान्ही पोरं हायती. डॉक्टरनी लहान मुलांच्या वॉर्डात ऑक्सिजनची तयारी करून ठेवलीया. मामांनी वेळेत नाक दाखवलं म्हणायचं."

मामांचं कौतुक ऐकायची माझी मनःस्थिती नव्हती.

मग एका दुपारी बाळाने दूध सोडलं. तोंड लावायचं, दोन घोट घ्यायचे आणि सोडून रडायचं. नाकातून घुरघुर आवाज. मी त्याचं झबलं वर करून बरगड्यांखाली खळगा पडतोय का ते बघायला लागले, डॉक्टरांनी तसं दाखवून दिलं होतं. पडतोय असंही वाटे आणि नाही असंही. हसीनाताईंना फोन केला. त्या रिक्षा घेऊनच आल्या. अंगणातून जाताना मला गिरणीच्या खिडकीत दोन्ही चेहरे दिसले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्या पोराला काही झालं तर मी या घरात राहणार नाही, असं मी रिक्षात मनाशी ठरवून टाकलं होतं.

डॉक्टरांनी पुढून मागून छाती ऐकली. नाकात काडी घालून पट्टीही केली. कोरी. "नाक सुकलंय फक्त. मिठाच्या पाण्याचे थेंब घाला, पाजायच्या आधी," म्हणाले. मी तिथल्या बाकावर बसले. हसीनाताईंनी पोर घेतलं.

परत आलो तेव्हा मामा खिडकीचे गज धरून उभे होते.

"काय म्हणाला डाक्टर?"

मी त्यांना नाही, आत आत्तींना ऐकू जाईल असं सांगितलं, "छाती साफ आहे."

मामा तिथल्या तिथे, पोत्यावर, बसले. आतून आत्तींचं रडणं ऐकू आलं. आता रडून काय, असं मला वाटलं.

पुढचा रविवार उजाडला. पट्ट्या कोऱ्या आल्या तर दोघांना घरात घ्यायचं होतं. या वेळी हसीनाताई स्वतः आल्या. आजारी घराची तपासणी समोर करून घ्यायची, असं त्यांना वरून सांगितलं होतं. त्या गिरणीच्या पायरीवर पुडकी मांडून बसल्या. मी बाळाला घेऊन पलीकडे पडवीत उभी होते. अंगण लहान, सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

आत्तींनी आपली काडी घेतली. नंतर मामांची घ्यायला हात पुढे केला. मामांनी तो बाजूला सारला.

"आज माझं मीच करतो."

त्यांनी काडी हातात घेतली, उलटी सुलटी केली आणि कापसाचं टोक चिमटीत धरून विचारलं, "ह्यातलं कुठलं टोक आत?"

हसीनाताई हसल्या. "आण्णा, दर आयतवारी करताय की. चेष्टा करताय व्हय?"

मामा हसले नाहीत. दुसरी काडी घेऊन त्यांनी ती नाकात घातली आणि असे शिंकले की काडी थेट उंबऱ्यावर. डोळ्यांतून पाणी, तोंडातून शिव्या. "किती आत? मेंदूपतोर?" असं खरंच न कळून विचारत होते. तिसऱ्या काडीला जमलं. ज्या माणसाने इतके रविवार हे केलं असं मी समजत होते, त्या माणसाने ही काडी आयुष्यात पहिल्यांदा नाकात घातली होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"मामा," मी पडवीतून विचारलं, "मग आजवर तुमच्या नावाची पट्टी कुणाची होती?"

मामा पट्टीवर थेंब मोजून टाकत राहिले. आत्ती पायरीवर बसल्या. पदर हातात घेऊन त्याला पीळ घालत त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"माझीच. ते घालून घेईनात, आणि तू आशेनं बसलेली. बायको म्हंजे नवऱ्याचं डावं अंग म्हणत्यात. म्हटलं, डावी नाकपुडी माझी, उजवी त्यांची. एकच घर, एकच हवा, एकच ताट. त्यांना झालं तर मला होणार, मला झालं तर त्यांना. मला त्यात खोटं काय वाटलं न्हाई गं."

"आत्या," हसीनाताईंनी कपाळावर हात मारला, "एकच काडी दोन्ही नाकपुड्यांत फिरवायची असती. म्हणून तर तुमची पट्टी कोरी आली."

"डावीकडं ही चमकी," आत्ती म्हणाल्या. "काडी आत जाईना, दुखायचं. नुसती टेकवून काढायची. उजवीकडनं मातर नीट फिरवायची. त्यांची हाय म्हणून."

म्हणजे आजार आत्तींना होता. खोकला त्यांचा होता. पोत्यांना टेकून पडलेली बाई विश्रांती घेत नव्हती, तापात होती. आणि त्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी याच हातांनी त्यांनी माझ्या पोराला तेल लावलं होतं. मला पहिल्यांदा भीती वाटली, मग संताप आला. ज्या पट्ट्यांच्या भरवशावर मी निर्धास्त झोपत होते त्यांतली एक दर आठवड्याला खोटी होती.

"आत्ती, तुम्ही मला सांगायचं होतं. त्याच क्षणी."

मामा बोलले.

"ती सांगणारच हुती. मी डोळ्यानं गप केली. पट्टी बघितल्याबरोबर मला कळलं, मी काडीला शिवलोबी न्हाई, मग हे हिचंच. हिला लेकरापासनं लांब न्यायची तर कायतरी निमित्त पायजे. आजार माझ्या नावावर आलाच हुता. म्हटलं, ऱ्हाऊ दे माझ्याच नावावर."

"पण खोटं कशाला? मी काय खाऊन टाकणार होते?"

मामांनी पट्टी पायरीवर ठेवली आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं.

"मला एक सांग. तवा कळलं असतं, हिनं पट्टीत लबाडी केली आणि आजारी अंगानं पोर घेतलं, तर बरी झाल्यावर तू पुन्हा कवा हिच्या हातात पोर दिलं असतंस?"

उत्तर मला माहीत होतं. हसीनाताई उगीच पुडक्यांचे कागद गोळा करायला लागल्या.

थोड्या वेळाने त्यांनी पट्ट्या उचलून बघितल्या. आत्तींची कोरी, या वेळी दोन्ही नाकपुड्यांची. मामांच्या तिसऱ्या खिडकीत दोन रेघा, आणि या खेपेची दुसरी रेघ पहिलीइतकीच गडद.

"आण्णा, आता खरंच तुमाला झालंय."

"ठावं हाय. परवापासनं अंग मोडून आलंय," मामा म्हणाले. त्यांचा आवाज बसलेला होता, ते माझ्या आता लक्षात आलं. पिठाने भरलेल्या त्या छातीला हे काही सोपं जाणार नव्हतं, आणि ते त्यांना या खोलीत यायच्या आधीही कळत असणार.

"मी हितंच ऱ्हाते," आत्ती म्हणाल्या. "आता ह्यांचं कोण बघणार?"

"काय गरज न्हाई. पेज मला येती करायला, आठवडाभर तुला मीच घातलीया. तू जा घरात."

आत्ती उठल्या खऱ्या, पण अंगण ओलांडून पडवीच्या पायरीशी येऊन थांबल्या. वर चढेनात. त्यांची नजर बाळावर होती आणि हात पदरात गुंडाळलेले. त्या मागणार नव्हत्या. मी नाही म्हटलं असतं तर तशाच मागच्या दाराने चुलीशी गेल्या असत्या आणि पुढे जन्मभर लांबूनच बघत राहिल्या असत्या. बाळ माझ्या खांद्यावर वळवळत होतं. त्याची आंघोळीची वेळ कधीच टळून गेली होती.

"आत्ती," मी म्हणाले, "पाणी निवतंय."

त्या तशाच उभ्या राहिल्या. ऐकलं ते खरं की काय, असं त्यांना झालं असावं. मग न्हाणीत गेल्या. कोपरापर्यंत साबण लावून हात धुतल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. तोंडाला फडकं बांधून त्या पाटावर बसल्या, पाय लांब केले, आणि मी पोर त्यांच्या नडग्यांवर ठेवलं.

समोर मामांना खोकल्याची उबळ आली. त्यांनी खिडकीची दोन्ही दारं आतून ओढून घेतली.